बिनमात्रेची हिंदी

हिंदीच्या जुन्या वळणाची कुठलीही बालपोथी उघडा. अक्षरओळख संपली की 'बिना मात्रा के शब्द', म्हणजे काना, वेलांटी, उकार असं एकही स्वरचिन्ह नसलेले शब्द, सुरू होतात: घर, जल, फल, बस, सड़क, कटहल, अजगर. पान उलटलं की त्याच शब्दांची वाक्यं. सड़क पर मत चल. छत पर चढ़. झटपट शहद चख. अब बस कर. अशी पाच-सहा वाक्यं सलग वाचली की कानाला काहीतरी खटकतं. ही सगळी वाक्यं हुकूम आहेत. कुणीतरी कुणाला तरी सतत सांगतंय, हे कर, ते करू नकोस.

पोथी लिहिणाऱ्याचा यात दोष नाही. हिंदीतून मात्रा काढून घेतल्या की मागे आज्ञाच उरते. 'है' लिहायला मात्रा लागते, 'हूँ'ला लागते, 'था'ला लागते. का, की, के, को, से, ने, में या सगळ्यांना मात्रा हवी. 'पर' आणि 'तक' तेवढे सुटतात. 'मैं' लिहिता येत नाही, 'मेरा' लिहिता येत नाही, 'तुम' लिहिता येत नाही. क्या, कौन, कहाँ, क्यों हे सगळे प्रश्न बंद. 'कब' तेवढा उरतो. 'हम घर गए', 'वह घर आई' असली थोडी वाक्यं स्वतंत्र स्वराच्या आधारावर जमतात. एरवी बिनमात्रेच्या हिंदीत माणसाला स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगता येत नाही. आणि माँ, पानी, रोटी, बेटी, पैसा, गाँव यांतला एकही शब्द त्या पानांवर येऊ शकत नाही. मराठी मुलाला निदान 'आई' तरी मात्रेशिवाय लिहिता येते.

ठाण्याच्या पुढे दिव्यात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका चाळीतल्या खोलीत संध्याकाळी बायकांचा वर्ग भरतो. तिथं मी हिंदी वाचायला-लिहायला शिकवते. बायका जौनपूर, प्रतापगढ, आझमगढ, गोंडा या बाजूच्या. पंचविशीच्या आहेत तशा साठीच्याही आहेत. काहींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. काहींना धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून दुसरीतूनच घरी बसवलेलं. मराठी त्यांना कळते, बाजारापुरती बोलताही येते. पण ज्या भाषेत त्या भांडतात, रडतात, देवाचं नाव घेतात, त्याच भाषेत त्यांनी पहिल्यांदा वाचावं असं मला मनापासून वाटतं. लिपी तर एकच आहे. हिंदी वाचता आली की दुकानावरची मराठी पाटी वाचायला वेगळी शाळा लागत नाही.

वर्गात येणारी प्रत्येक बाई पिशवीत आधारकार्ड घेऊन येते. स्वतःचं नाव छापलेलं त्यांच्यापाशी तेवढंच असतं. आणि त्या बाजूच्या कितीतरी बायकांच्या नावापुढे 'देवी' असतं. दे आणि वी. दोन अक्षरं, दोन मात्रा. पोथीच्या क्रमानं गेलं तर आधी ११ स्वर, मग ३३ व्यंजनं, ड़ आणि ढ़ वेगळे, मग बिनमात्रेचे शब्द, मग 'आ की मात्रा', मग 'छोटी इ', मग 'बड़ी ई', आणि 'ए' त्यानंतर कधीतरी. म्हणजे जो शब्द वाचायला ती आली आहे, तो तिच्या हाती द्यायला आपण तिला काही महिने थांबवायचं, आणि तोवर तिच्याकडून कटहल आणि अजगर घोटून घ्यायचे. दिवसभर चार घरची भांडी करून आलेल्या बाईनं हे का सोसावं? ती दोन आठवडे येते आणि मग येत नाही. आपण म्हणतो, या बायकांना चिकाटी नाही.

शाळेतल्या मुलांचंही फार वेगळं नाही. 'असर'च्या पाहणीत २००५ सालापासून मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. अक्षरं ओळखणारी पण शब्दापाशी अडणारी मुलं त्यात दर वेळी दिसतात. अक्षर आणि शब्द यांच्या मधल्या जागेत जे उभं आहे, ते बहुतांशी मात्रांचंच राज्य आहे. बारहखड़ी म्हणता येते, एका सुरात, क पासून कः पर्यंत. पण मध्येच एखादा 'मो' दाखवा. मूल मनातल्या मनात म, मा, मि, मी करत पायऱ्या चढत येतं आणि मग 'मो' म्हणतं. त्याला ओळ पाठ आहे, खूण ओळखीची नाही. बारहखड़ी वाईट नाही, ती गायला मजा येते आणि गायलीच पाहिजे. पण खुणा कशासाठी आहेत हे कळल्यानंतर.

म्हणून आमच्या वर्गात पहिला शब्द 'पानी'. दिव्यातल्या बाईला या शब्दाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

'पानी' लिहिताना पाटीवर काय काय घडतं ते नीट पाहण्यासारखं असतं. प काढताना डावीकडची वाटी आणि उजवीकडचा दांडा. मग काना, म्हणजे पुन्हा एक दांडा. वर्गातल्या सगळ्यांत वडील चाची इथं हटकून थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "दीदी, ये दूसरा डंडा किसका है?" प्रश्न अगदी बिनतोड होता. आपल्याला वर्षानुवर्षांच्या सवयीनं 'पा' एका नजरेत दिसतो. नव्या डोळ्याला तिथं एक वाटी आणि दोन सारख्याच उभ्या रेघा दिसतात, आणि त्यांतली कुठली अक्षराची, कुठली स्वराची, हे कुणीच सांगितलेलं नसतं. ग तर आणखी फसवा; त्याचा दांडा मुळातच सुटा, त्यामुळे तो नवशिक्याला काना लावलेलं कुठलंतरी अक्षरच वाटतो. मी 'प' आणि 'पा' शेजारीशेजारी लिहिले. पहिला डंडा पचा, दुसरा आचा. मग 'प' म्हणायला लावलं, 'पा' म्हणायला लावलं, तोंड किती उघडतं ते हाताच्या बोटांनी चाचपायला लावलं. प मध्ये एक 'अ' आहे, तो दिसत नाही पण ऐकू येतो. काना आला की तो जातो आणि त्याच्या जागी 'आ' बसतो. हे मी जरा लांबवूनच सांगत होते. चाचींनी ते एका वाक्यात आटोपलं. "मतलब आ बैठा तो अ उठ गया." अ उठ गया. व्याकरणाच्या पुस्तकात याहून नेमकं काही सापडेल असं मला वाटत नाही.

प, न, काना आणि दीर्घ वेलांटी एवढंच घेऊन बसलं तरी पानी, पीना, पाना, नाना, नानी, पापा हे सगळं लिहून होतं. सोबत 'अ' घेतला की अपना, अपनी. त्याच प आणि न ची बिनमात्रेची शिल्लक काय, तर फार तर 'पन'. पहिल्याच संध्याकाळी बाई घरी जाते ती पाटीवर नानी लिहून. एकदा एकीनं 'अपना पानी' लिहिलं आणि बराच वेळ पुसलं नाही.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरे यांनी १९६३ साली अंजिकोस या गावी मजुरांना शिकवलं, तेव्हा तेही लोकांच्या तोंडचे शब्द घेऊनच बसले होते. त्यांच्या पद्धतीतला गाजलेला एक शब्द आहे 'तिजोलो', म्हणजे वीट. ते तो ति-जो-लो असा फोडायचे आणि मग फळ्यावर त-ते-ति-तो-तु असं 'ति'चं कुटुंब मांडायचे. पोर्तुगीजच्या लिपीत बारहखड़ी नाही, तरी शिकवता शिकवता ते थेट तिच्यापाशीच येऊन पोचले. फरक एवढाच की त्यांच्याकडे आधी वीट आली आणि मग कुटुंब आलं. आपल्याकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचन शिकवताना अक्षरांचे लहान गट केले आणि त्यांच्या जोडीनंच स्वरचिन्हं दिली, ती याच समजुतीनं. एनसीईआरटीच्या २००६ च्या 'रिमझिम'नंही हिंदीत मात्रांचा तो एकामागून एक येणारा क्रम सोडून गाणी आणि गोष्टी पुढे आणल्या. म्हणजे नवं असं मी काही सांगत नाही. तरीही स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावर आजही विकली जाते ती कटहल आणि अजगराची पोथीच, आणि घरी शिकवू पाहणारी आई किंवा मोठी मुलगी तीच विकत घेते.

आमच्या वर्गाची खरी पोथी मात्र रेल्वेची पाटी आहे. ठाण्याहून कल्याणकडे निघालं की ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. या आठ नावांत काना आहे, दोन्ही वेलांट्या आहेत, ह्रस्व उकार आहे, मात्रा आहे, काना-मात्रा आहे, अनुस्वार आहे. दीर्घ उकार हवा असेल तर उलट दिशेला नाहूर आहे. ऐ आणि औ तेवढे राहतात. एवढी उत्तम शब्दयादी बसून करायची म्हटली तरी जमणार नाही, आणि ही रोज गाडीच्या दारातून समोर येते, गाडी थांबेपर्यंत थांबते. बायका पाट्या वाचत कामाला जातात. 'दिवा' आधीच तोंडपाठ असतो, म्हणून वाचताना डोळ्याला धीर येतो. आणि नेमक्या त्याच शब्दात ती सगळ्यांत अवघड खूण बसलेली असते, छोटी इ.

ती अवघड का, हे सांगायला हवं. बाकी सगळ्या मात्रा अक्षराच्या उजवीकडे, वर नाहीतर खाली लागतात. ह्रस्व वेलांटी डावीकडे. 'दिवा' म्हणताना आधी द येतो आणि मग इ, पण डोळ्याला आधी वेलांटी भेटते. वाचणाऱ्यानं ती पाहायची, तोंडात धरून ठेवायची, पुढचं अक्षर उच्चारायचं आणि मग तिला सोडायचं. सराव झालेल्यांचाही इथं वेळ जातो. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. या डावीकडच्या वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असंच त्यांना आढळलं. मग पहिल्या महिन्यात 'दिवा'चा 'इदवा' झाला तर त्यात बाईच्या बुद्धीचा प्रश्न येतोच कुठे?

ही वेलांटी अशी मुळात नव्हती. नालासोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा जो तुकडा सापडला, तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ब्राह्मी अक्षरं आहेत ती. त्या लिपीत आ ची छोटी रेघ अक्षराच्या उजवीकडे निघते, ए ची डावीकडे, आणि ओ हवा असेल तर दोन्हीकडे. आज 'को' लिहिताना आपण काना देतो आणि वर मात्रा देतो, म्हणजे आ आणि ए ची खूण एकत्र करूनच ओ घडवतो. दोन हजारांहून जास्त वर्षांत रेघांच्या जागा बदलल्या, हे गणित बदललं नाही. इ ची खूण त्या काळी अक्षराच्या वरच्या बाजूला, उजवीकडे झुकलेली होती. पुढे शतकानुशतकं हात चालत राहिला तशी ती वळली, डावीकडे कलली आणि नागरीत येईतो सरळ खाली उतरून उभी राहिली. जुन्या नागरी पोथ्यांत ए सुद्धा अक्षराच्या डावीकडे उभ्या रेघेनं लिहीत. त्याला पडिमात्रा म्हणत. बंगालीत तो अजून डावीकडेच आहे. नागरीत तो वर चढला, आणि इ एकटी मागे राहिली.

तिला उजवीकडे न्यावं असं पुष्कळांना वाटलं. १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनाचे गांधीजी अध्यक्ष होते. तिथून लिपिसुधारणेचं जे काम निघालं त्याची धुरा साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी वाहिली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची पुस्तकं पुढे बराच काळ अि, अी, अु, अू अशी छापली गेली. सावरकरांचाही हाच आग्रह होता. १९५३ साली लखनऊच्या परिषदेत ह्रस्व वेलांटी उजवीकडेच, पण आखूड दांड्याची लिहावी असं ठरलं. यांतलं काही टिकलं नाही. वर्ध्याची रीत टिकायला हवी होती असं मला वाटतं. अ ला काना तसाच अ ला वेलांटी, म्हणजे इ, ई, उ, ऊ यांची वेगळी रूपं घोटायचं काम शिकणाऱ्याच्या मानेवरून उतरलं असतं. पण त्या वेळी शिकलेल्यांच्या डोळ्यांना ते रुचलं नाही, आणि लिपीचा निकाल नेहमी शिकलेलेच देतात. ज्यांना अजून शिकायचं आहे त्यांना कुणी विचारत नाही.

मदत आली ती भलत्याच बाजूनं. टाइपरायटरवर वेलांटीची कळ आधी दाबायची आणि अक्षराची नंतर. जसं दिसतं तसं. मोबाइलवर उलटं आहे. द आधी दाबायचा, मग वेलांटी, जसं बोलतो तसं. युनिकोडमध्ये साठवणही याच क्रमानं होते; डावीकडे नेऊन दाखवायचं काम फोनमधलं सॉफ्टवेअर करतं. आमच्या वर्गात ज्यांच्याकडे साधा स्मार्टफोन आहे त्यांना मी मुद्दाम 'दिवा', 'दिन', 'बिजली' टाइप करायला लावते. द उमटतो. मग वेलांटी दाबली की ती त्यांच्या डोळ्यांदेखत द वरून उडी मारून अलीकडे जाऊन बसते. ती उडी एकदा पाहिली की मग पाटीवर लिहिताना हात चुकला तरी जीभ चुकत नाही. फळ्यावर मी कितीही वेळा बाण काढून दाखवले असते तरी हे झालं नसतं.

ह्रस्व-दीर्घाचं शिक्षण मात्र मला द्यावंच लागलं नाही. ते या बायका घरून घेऊन आलेल्या असतात. चाचींना अक्षर येत नव्हतं तेव्हाही रामचरितमानसातल्या चौपाया पाठ होत्या. चौपाईच्या एका चरणात १६ मात्रा, दोह्याच्या ओळीत १३ आणि ११. ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन. हा हिशोब त्यांना कुणी शिकवला नव्हता, पण म्हणताना एक मात्रा जरी कमी पडली तरी त्या थांबून पुन्हा म्हणायच्या. मग 'पिता' आणि 'पीता' यांतला फरक सांगताना मी फक्त टाळी दिली. एका टाळीचा पि, दोन टाळ्यांचा पी. दिन आणि दीन. सुना आणि सूना. मिल आणि मील. बहु आणि बहू. जे कानाला आधीच ठाऊक होतं, त्याला आता हातानं खूण दिली, एवढंच. काव्यातली मात्रा आणि अक्षरावरची मात्रा यांचं नातं मी पुस्तकांत वाचलं होतं, पण खरं पटलं ते टाळ्यांच्या त्या आवाजात.

खूण बारीक असली तरी तिच्यावर पोट अवलंबून असतं. एकीच्या नावातली वेलांटी आधारवर दीर्घ आणि दुसऱ्या एका कागदावर ह्रस्व होती. खिडकीवरच्या माणसानं कागद परत केला, नाव जुळत नाही म्हणाला. तिला तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे नेमकं काय जुळत नाही हेच कळलं नाही. आपल्यावर संशय घेतला एवढंच तिला समजलं. आज ती दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट ठेवते आणि सांगते, इथं छोटी, इथं बड़ी. कागद दुरुस्त व्हायचा तेव्हा होईल. पण खिडकीपाशी आता ती गप्प उभी राहत नाही.

आपण मराठी माणसं हे शिकवायला बसलो की काही ठिकाणी आपली जीभ आणि आपला हात मध्ये येतात, ते ओळखून असावं. आपण कवी, शक्ती, वस्तू असं शेवटचं अक्षर दीर्घ लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपासून ते पक्कं आहे. हिंदीत कवि, शक्ति, वस्तु ह्रस्वच. आपल्याकडे फूल आणि फुलाला, तिकडे फूल आणि फूल को. मधला उकार हलत नाही. आपण कृपा 'क्रुपा' वाचतो, या बायका 'क्रिपा'. 'हँसी'वरचा चंद्रबिंदू आपल्या डोळ्याला 'बँक'मधला दिसतो, कारण मराठीत ॲ ची खूण आणि अनुस्वार मिळून तोच आकार होतो. हिंदीत मात्र तो नाकातून निघणारा आवाज आहे, ॲ शी त्याचा काही संबंध नाही. ॲ साठी हिंदीत वेगळी खूणच नाही, म्हणून बँकेच्या पाटीवर तिथं 'बैंक' असतं.

आणि ऐ-औ. दिल्लीच्या बातम्यांत 'है', 'पैसा', 'कौन' यांतला स्वर सपाट निघतो, 'है' जवळजवळ 'हॅ' सारखं. आपण मराठीत ऐ म्हणजे अइ आणि औ म्हणजे अउ म्हणतो, म्हणून आपली हिंदी ऐकून लोक हसतात. पण जौनपूर-आझमगढच्या या बायका बोलतात कसं? पइसा. बइल. कउन. अ आणि इ वेगळे, स्पष्ट, आपल्यासारखेच. वर्गात मी फळ्यावर 'बैल' लिहून बइल म्हटलं आणि सगळ्या एकदम ते म्हणाल्या, कुणाला काहीच वावगं वाटलं नाही. सोबत लावलेल्या ध्वनिफितीवरचा मास्तर मात्र दुसरंच काही म्हणत होता. फीत मी बंद केली. दोन मात्रा एकावर एक चढवून लिहिलेल्या त्या ऐ मध्ये अ आणि इ दोन्ही ऐकू येणं, हे त्या स्वराच्या जुन्या उच्चाराला धरूनच आहे. त्या बायकांच्या गावाकडच्या बोलीनं आणि माझ्या मराठीनं ते दोन्हीकडून जपलं होतं. शिकवणारी आणि शिकणारी इतक्या लांबून येऊन एका स्वरात भेटतात, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

आपल्या इमारतीच्या जिन्यात, ओळखीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी एखादी बाई किंवा बाप्या असतो, ज्याला वाचायला यावं असं वाटत असतं आणि ज्यानं ते कुणाला सांगितलेलं नसतं. तुमच्याकडे संध्याकाळचा तासभर असेल तर विचारून पाहा. आणि जमलं, तर एवढं करा. पहिल्या दिवशी वर्णमालेचा तक्ता लावू नका, बिनमात्रेची पोथी आणू नका. त्यांना कुठला शब्द लिहायचा आहे ते त्यांनाच विचारा. तो बिटिया असेल, गोरखपुर असेल, मजदूरी असेल. त्यात दोन मात्रा असोत की चार, तोच घ्या, आणि त्यातली प्रत्येक खूण मोठ्यानं म्हणत त्यांच्या हातून लिहून घ्या. 'है' त्यांच्या तोंडी हइ असेल तर तो तसाच राहू द्या. शक्ति ह्रस्व लिहिली तर ती खोडू नका. आणि छोटी इ उलटी पडली तर त्यांच्याच मोबाइलवर तिची उडी दाखवा.